रिकामं भोक : बुजवण्याआधी त्याचं काम ओळखा

ट्रॅक्टर, पिकअप, मोटरसायकल, ट्रॉली, कोणतीही गाडी घ्या आणि खालून नीट बघा. चेसिसच्या चॅनलला ओळीनं भोकं, क्रॉस मेंबरच्या (दोन चॅनल जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या) मध्यभागी वाटीएवढं गोल भोक, दरवाजाच्या बुडाला बारीक चिरा, गिअरबॉक्सच्या बगलेला आटे पाडलेली चार भोकं. त्यांतल्या निम्म्यांत तरी काही बसवलेलं नसतं. आयटीआय करून नुकताच गॅरेजला लागलेला मुलगा किंवा घरचा ट्रॅक्टर घरीच दुरुस्त करणारा शेतकरी इथे ठरलेल्या चुका करतो. पाणी किंवा तेल गळतं म्हणून भोक एम-सीलनं बुजवतो, गंज लागेल म्हणून वेल्डिंगनं भरतो, नाहीतर एवढी भोकं आहेतच तर आणखी एक पाडू म्हणून भलत्या जागी ड्रिल लावतो.

कारखान्यात कोणतंही भोक फुकट पडत नाही. पत्र्यातल्या प्रत्येक भोकासाठी डायमध्ये, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्यात, एक पंच असतो. तो बोथट होतो, त्याला धार लावावी लागते, कधी तुटला तर लाइन थांबते. त्यामुळे भोक आहे म्हणजे त्याला काम आहे किंवा होतं. ते काम कारखान्यातच संपलेलं असेल, दुसऱ्या मॉडेलसाठी असेल, किंवा आजही चालू असेल आणि आपल्याला दिसत नसेल. पहिल्या दोन प्रकारांत चूक झाली तर नुकसान थोडं. तिसऱ्या प्रकारातलं भोक बुजलं की क्लच, बेअरिंग, सील, पत्रा यांपैकी काहीतरी जातंच. म्हणून भोकाला हात लावण्याआधी ते कोणत्या प्रकारचं आहे हे ठरवायचं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

सामान साधं आहे : टॉर्च, वायर ब्रश, दोन-तीन प्लास्टिकच्या केबल टाय, व्हर्नियर, खडू, ओळंबा, सायकलच्या चाकाची एक तार, आणि एम ८, एम १०, एम १२ चा (म्हणजे ८, १०, १२ मिमी जाडीचा) एकेक चांगल्या आट्यांचा बोल्ट.

पायरी १ : माती भिजवून काढा

आपल्याकडची काळी माती ओली असताना लोण्यासारखी भोकात शिरते आणि वाळली की विटेसारखी घट्ट बसते. ती स्क्रू ड्रायव्हरनं कोरू नका. भोकाच्या काठावरचा रंग निघाला की गंज तिथूनच सुरू होतो. ओलं पोतं त्या भागाला अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग केबल टाय आत-बाहेर करून माती सैल करा आणि शेवटी हलक्या दाबानं पाणी मारा. प्रेशर वॉशरचं तोंड ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं भोक), तेलाच्या सीलची जागा आणि वायरिंगचे कनेक्टर यांच्याकडे थेट धरू नका.

मातीशिवाय आणखी दोन गोष्टी सापडतात. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचं कुटार बारीक खाचांमध्ये ठासून भरतं. आणि गाडी महिना-दोन महिने गोठ्याशेजारी उभी राहिली की कुंभारीण माशी हमखास भोकांत मातीचं घर करते. तिला ५ ते १० मिमीचं कोरडं भोक फार आवडतं. तिचं घर बाहेरून पत्र्याच्या रंगाचं दिसतं, त्यामुळे भोक बुजलंय हेच लक्षात येत नाही.

पायरी २ : भोकाचा काठ वाचा

भोक कारखान्यातलं की मागाहून कोणी पाडलेलं, हे आधी ठरवा. पंचानं पाडलेल्या भोकाचा एका बाजूचा काठ किंचित गोलाई घेऊन आत वळलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला बारीक धार लागते. ड्रिलच्या भोकात आतून गोल रेघा दिसतात. गॅसनं कापलेलं भोक ओबडधोबड असतं आणि काठाला जळालेल्या धातूचे थेंब चिकटलेले असतात. सगळ्यात भरवशाची खूण रंगाची. कारखान्यातल्या भोकाच्या आतल्या काठावरही रंगाचा थर असतो. मागाहून पाडलेल्या भोकात काठ उघडा, गंजलेला किंवा ब्रशनं रंगवलेला दिसतो. जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी फार उपयोगाची आहे, कारण मागच्या मालकानं काय काय बसवलं आणि काढलं ते चेसिस सांगते.

त्यानंतर भोवतालचा पत्रा बघा. वॉशरचा गोल ठसा असेल तर तिथे कधीतरी बोल्ट होता. ठसा नसेल आणि रंग अखंड असेल तर त्या भोकाला बोल्ट कधी लागलाच नाही, त्याचं काम वेगळं आहे.

पायरी ३ : जागा बघा

भोक त्या भागाच्या सगळ्यात खालच्या बिंदूला असेल तर ते पाणी, तेल किंवा रंग निथळण्याचं आहे असं धरून चाला. उलट सिद्ध होईपर्यंत त्याला बुच लावायचं नाही. भोक मोठं, ४० मिमीच्या वर, काठ आत वळवलेला आणि पत्र्याच्या मध्यभागी असेल तर ते वजन कमी करण्यासाठी. तिथला वळवलेला काठ पत्र्याला ताठपणा देतो, म्हणून वायर किंवा पाइप सहज जावा यासाठी तो काठ कापू नये. फिरणाऱ्या भागावर, म्हणजे फ्लायव्हील, पुली किंवा क्रँकच्या वजनावर, अर्धवट खोलीचं भोक दिसलं तर तिथून बॅलन्ससाठी धातू काढलेला आहे. ते भरलं की थरथर सुरू होते. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

एखाद्या भोकातून टॉर्च मारल्यावर समोर दुसऱ्या भागाचा बोल्ट दिसतो का तेही बघा. दिसला तर ते पान्यासाठीचं भोक आहे, सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन तिथून आत जातं. हे न कळल्यामुळे अख्खा भाग उतरवण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो.

पायरी ४ : आटे तपासा

आटे असलेल्या भोकात बोल्ट आधी हातानंच फिरवायचा, पाना नंतर. एम ८ चा बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत अडकला तर जोर लावू नका. जुन्या रचनेच्या ट्रॅक्टरांत इंची आटे असतात. ५/१६ इंचाचा बोल्ट आणि एम ८ चा बोल्ट जाडीला जवळजवळ सारखेच, ७.९४ आणि ८ मिमी. पण आट्यांचं अंतर वेगळं, म्हणून सुरुवातीला घुसतो आणि मग आटे खातो. एम १० मध्येही जाडे १.५ मिमीचे आणि बारीक १.२५ मिमीचे असे दोन्ही आटे सापडतात.

हाउसिंगच्या भोकात बोल्ट बसवायचा असेल तर सायकलची तार आत घालून खोली मोजा. बंद बुडाच्या भोकात बोल्टचं टोक बुडापासून निदान ३ मिमी दूर राहिलं पाहिजे. लांब बोल्ट बुडाला टेकवून आवळला तर ब्रॅकेट ढिलंच राहतं आणि बिडाला (हाउसिंगच्या ओतीव लोखंडाला) तडा जातो. बिडात बोल्टचे आटे त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी आत गेले पाहिजेत, म्हणजे एम १२ साठी १८ मिमी. काही भोकं आरपार असतात आणि आत तेलाच्या खोलीत उघडतात. तार काढल्यावर टोकाला तेल लागलं तर तिथे बोल्ट लावताना आट्यांना सीलंट लावा. आणि अशा भोकातला जुना बोल्ट रिकामा आहे म्हणून काढून टाकू नका.

पायरी ५ : जोडीदार शोधा

एकाच भागावर एक नेमकं गोल आणि थोड्या अंतरावर एक लांबट भोक असेल, दोन्हीच्या आसपास बोल्टचा ठसा नसेल, तर ती जोडी कारखान्यात पत्रा पिनांवर बसवण्यासाठी आहे. गोल भोक पत्र्याला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे धरून ठेवतं, लांबट भोक फक्त फिरू देत नाही. दोन्ही भोकं गोल ठेवली असती तर दोघांमधल्या अंतरात पाव मिमीचा फरक पडला तरी पत्रा पिनांवर अडला असता. वेल्डिंगच्या जिगमध्ये (पत्रा धरून ठेवणाऱ्या चौकटीत), नंतर तपासणीच्या टेबलावर, प्रत्येक वेळी पत्रा याच जोडीवर बसतो. म्हणूनच ही भोकं अख्ख्या गाडीत सगळ्यात नेमक्या जागी असतात.

काम कारखान्यातच संपलेलं असलं तरी ही भोकं आपल्याला अपघातानंतर लागतात. चेसिस वाकली का हे बघायला गाडी सपाट सिमेंटच्या फरशीवर उभी करा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या सारख्या भोकांतून ओळंबा सोडा आणि फरशीवर खडूनं खूण करा. पुढची दोन, मागची दोन, शक्यतो मधलीही दोन. गाडी बाजूला घ्या आणि खुणांची तिरपी अंतरं मोजा : पुढचं डावं ते मागचं उजवं, आणि पुढचं उजवं ते मागचं डावं. दोन्ही सारखी यायला हवीत. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आधी मोजणी पुन्हा करा. तरीही तेवढाच फरक आला तर चेसिस तिरकी झाली आहे. मग कितीही वेळा अलाइनमेंट केली तरी टायर एका बाजूनं झिजतच राहतील. ही भोकं कोणी वेल्डिंगनं भरलेली असली तर मोजायला जागाच उरत नाही.

दुसऱ्या मॉडेलची भोकं

चॅनलचा एकच साचा चार मॉडेलना वापरतात. लांब-आखूड बॉडी, साधं किंवा पॉवर स्टिअरिंग, एसी असलेली-नसलेली, डिझेलची टाकी डावीकडे किंवा उजवीकडे. प्रत्येकाला वेगळी डाय बनवण्यापेक्षा सगळ्यांची भोकं एकदाच पाडणं स्वस्त पडतं. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर तर हे सरळ दिसतं. डाव्या बाजूचं स्टिअरिंग असलेल्या देशांत पाठवायच्या गाड्यांसाठी तिथे ब्रेक, क्लच आणि स्टिअरिंगची भोकं आधीच असतात आणि आपल्या गाडीत त्यांना रबराची किंवा प्लास्टिकची बुचं लावलेली असतात. ती बुचं उन्हाळ्याच्या तापानं कडक होऊन गळतात. मग केबिनमध्ये इंजिनची गरमी, डिझेलचा वास, पावसाळ्यात पाणी आणि हिवाळ्यात उंदीर येतात. भोकाचा व्यास व्हर्नियरनं मोजून त्याच मापाचं रबरी बुच आणा. कापडाचा बोळा कोंबू नका, त्यात ओल धरते आणि गरम भागाजवळ असेल तर तो पेटूही शकतो.

ट्रॅक्टरच्या बाबतीत अशी भोकं म्हणजे खरं तर ठेवलेली सोय आहे. इंजिनच्या पुढच्या सपोर्टला आणि क्लच हाउसिंगच्या बगलेला असलेली आट्यांची भोकं फ्रंट लोडर, डोझर, पुढची वजनं यांसाठी असतात. मागच्या अॅक्सल हाउसिंगवरची छत किंवा सुरक्षा चौकटीसाठी. त्यांत ग्रीस भरून बिनकामाचा आखूड बोल्ट लावून ठेवला की दहा वर्षांनीही आटे कोरे राहतात. पुढच्या अॅक्सलच्या नळीतली ओळीची भोकं चाकांतलं अंतर बदलण्यासाठी आहेत. कपाशीत आंतरमशागत करायची तर ओळीच्या अंतराप्रमाणे चाकं बाहेर-आत करावी लागतात. दोन्ही बाजूंनी सारखीच भोकं सरकवा आणि पुढची दोन चाकं जोडणारा टाय रॉडही तेवढाच लांब-आखूड करा. टाय रॉड तसाच ठेवला तर पुढची चाकं वाकडी धावतात आणि एका हंगामात टायर संपतो. टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांडीच्या) ब्रॅकेटला एकावर एक भोकं असतात. कोणत्या भोकानं ड्राफ्ट कंट्रोल (जमिनीच्या ओढीप्रमाणे अवजार आपोआप वर-खाली करणारी यंत्रणा) किती संवेदनशील होतो हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. नांगर आणि रोटाव्हेटर एकाच भोकात लावायची सवय सोडली पाहिजे.

लहान कारच्या मागच्या ब्रेक ड्रमवर समोरासमोर दोन आटे असलेली रिकामी भोकं असतात, बहुतेक वेळा एम ८ ची. ड्रम हबला जाम झाला की हँडब्रेक सोडून दोन बोल्ट लावायचे आणि आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा आवळायचा. ड्रम आपोआप बाहेर सरकतो. ही भोकं असताना ड्रमवर हातोडा चालवला तर काठाचा बीड टवका निघून फुटतो.

सीटबेल्टच्या जागी मागच्या सीटखाली किंवा खांबावर आटे असलेलं मोकळं भोक मिळालं तर तिथे हाताला येईल तो बोल्ट लावू नका. बहुतेक गाड्यांत तिथे ७/१६ इंच जाडीचे, इंचात २० असे बारीक आटे असतात. एम १० तिथे सैल बसतो आणि एम १२ आटे कापतो. सीटबेल्टच्या बोल्टनं माणूस वाचतो, तिथे कंपनीचाच बोल्ट हवा.

आजही काम करणारी भोकं

इथे जास्त वेळ द्या, कारण बुजवण्याची घाई नेमकी याच भोकांना होते.

पाण्याच्या पंपाचं भोक. पंपाच्या नळीच्या खालच्या बाजूला, सील आणि बेअरिंगच्या मध्ये, ४-५ मिमीचं भोक असतं. सील झिजलं की पाणी आधी या भोकातून टपकतं. सील बदलायला झालंय असा तो इशारा आहे. गळती थांबवायची म्हणून ते भोक एम-सीलनं बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग खुळखुळं होतं. बऱ्याच ट्रॅक्टरांत पंखा पंपाच्याच शाफ्टवर असतो. तो हलला की पाती रेडिएटरला लागतात. शे-दोनशेच्या सीलपायी रेडिएटर जातो.

क्लच हाउसिंगच्या तळाचं भोक. यात बरेचदा एक स्प्लिट पिन सैल लटकत असते. ती गाडीच्या थरथरीनं हलत राहते आणि भोक मोकळं ठेवते. पडली असेल तर नवी लावा, पाय बाहेरून थोडे फाकवा, पण ती हलली पाहिजे. या भोकाखाली थेंब दिसला तर बोटावर घेऊन बघा. काळं, पातळ तेल असेल तर क्रँकचं मागचं सील गेलं. घट्ट, उग्र गंधकासारखा वास येणारं तेल असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील. नुसतं तांबूस पाणी असेल तर आत पाणी शिरून प्लेट गंजायला लागली आहे. भोक बुजलेलं असेल तर हेच तेल आत साचतं, प्लेटला लागतं आणि क्लच घसरायला लागतो. मग प्लेट बदलूनही महिन्याभरात पुन्हा तेच. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे रोवणीआधी बांध्यांत चिखलणी करताना ट्रॅक्टर पोटापर्यंत चिखलात असतो. अशा कामासाठी पुस्तिकेत या भोकाला प्लग लावायला सांगितलं असेल तर लावा, पण चिखलणी संपली त्याच दिवशी काढा. विसरू नये म्हणून काढलेली स्प्लिट पिन चावीच्या जुडग्यात अडकवून ठेवावी.

ब्रीदर. डिफरन्शियल, गिअरबॉक्स, हायड्रॉलिकची टाकी, सगळ्यांना वरच्या बाजूला श्वास घेणारं भोक असतं, बरेचदा छोट्या टोपीखाली. काम चालू असताना आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि या भोकातून बाहेर जाते. मातीनं ते बंद झालं की दाब सीलवर येतो आणि चाकाच्या बाजूनं तेल झिरपतं. सील दोनदा बदलूनही गळती थांबत नसेल तर तिसरं सील आणण्याआधी ब्रीदर बघा. उलटंही होतं. तापलेल्या अॅक्सलवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते, ब्रीदर बंद असेल तर सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं तर तेल बदला, आणि त्याच वेळी ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुऊन बसवा.

टाकीचं झाकण. डिझेलच्या झाकणात हवा आत जाण्यासाठी बारीक वाट असते. ती बंद झाल्यावर इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालतं, मग दम सोडतं आणि बंद पडतं. झाकण उघडलं की सुस्स आवाज येतो आणि इंजिन पुन्हा चालू होतं. ही खूण पक्की आहे. झाकण डिझेलमध्ये भिजवून हवा मारा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांत मात्र पेट्रोलची वाफ पकडणारी यंत्रणा असते. त्यांच्या झाकणाला नवं भोक अजिबात पाडू नका.

मोटरसायकलची दोन भोकं. सायलेन्सरच्या तळाला, मागच्या टोकाजवळ, ३ मिमीच्या आसपास एक भोक असतं. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी वाफेच्या रूपानं तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये त्यातलं काही साचतं आणि या भोकातून निघतं. ते वेल्ड केलं की सायलेन्सर आतून सडतो. दुसरं भोक सिलेंडर हेडच्या बगलेला, स्पार्क प्लगच्या खळग्यातून बाहेर येणारं. ते चिखलानं बंद झालं की पावसाचं पाणी प्लगभोवती साचतं, ठिणगी चुकते आणि गाडी ओल्या दिवसांतच मिसिंग करते. सायकलची तार इथे बरोबर चालते, फक्त तारेचं टोक आधी घासून गुळगुळीत करा.

दरवाजे, सिल (दरवाजाखालची पत्र्याची बंद पेटी) आणि काचेखालची पन्हळ. दरवाजाच्या काचेजवळून आत पाणी जाणं ठरलेलंच आहे, म्हणून बुडाला चिरा असतात. दरवाजा हलवल्यावर आत पाण्याची डुचमळ ऐकू आली तर चिरा बंद आहेत. काही भोकांना रबराची झडप असते, ती ओढून काढू नका, तिच्यामुळे धूळ आत येत नाही. कडुनिंबाखाली किंवा गुलमोहराखाली गाडी उभी राहत असेल तर बॉनेट उघडून काचेखालच्या पन्हळीतला पाला दर महिन्याला काढा. ती वाट बंद झाली की पाणी ब्लोअरमध्ये आणि तिथून पायाखालच्या मॅटखाली येतं.

सिलच्या आणि चेसिसच्या बंद पेटीतली भोकं आधी रंगासाठी असतात. कारखान्यात बॉडी फॉस्फेटच्या आणि मग विजेनं चढणाऱ्या प्रायमरच्या टाकीत बुडवतात. आतली हवा निघाली नाही तर तिथे रंग पोहोचत नाही, आणि बाहेर काढल्यावर रंग निथळला नाही तर साचून भट्टीत उकळतो. हा थर साधारण २० मायक्रॉनचा असतो आणि १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजतात. पुढे हीच भोकं पाणी काढण्याच्या आणि आत मेण फवारण्याच्या कामी येतात. खालून काळं रबर कोटिंग मारून घेणार असाल तर कारागिराला आधीच सांगून प्रत्येक निथळ-भोकात लाकडी काडी घालून ठेवायला लावा आणि कोटिंग सुकण्याआधी काढा. कोटिंगमुळे पत्रा टिकतो हे खरं, पण भोकं बुजवून केलेलं कोटिंग पत्रा आतून खातं.

ही सगळी भोकं वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात तपासावीत. सोयाबीनची मळणी संपली की पुन्हा एकदा.

चेसिसला नवं भोक पाडायचंच असेल तर

आधी असलेलं भोक वापरता येतं का बघा, किंवा क्लॅम्प लावा. ताणलेल्या रुंद पट्टीत गोल भोक पाडलं की भोकाच्या काठाला ताण तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता कीर्श यांनी १८९८ मध्येच गणितानं दाखवलं आहे. म्हणून ताण जिथे मुळात कमी तिथेच भोक परवडतं. सी-आकाराच्या चॅनलवर ओझं आलं की दोन अॅक्सलच्या मधली वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते, उभ्या पत्र्याच्या मध्यावर मात्र दोन्ही जवळजवळ शून्य. कारखान्यातली बहुतेक भोकं उभ्या पत्र्यात का दिसतात त्याचं कारण हेच. वरच्या-खालच्या पट्टीला कधीच ड्रिल लावायचं नाही. कंपनीच्या बॉडी बिल्डिंगच्या सूचना मिळाल्या तर त्यातले आकडे पाळा. नाही मिळाल्या तर उभ्या पत्र्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातच राहा, आणि जवळच्या भोकापासून केंद्र ते केंद्र व्यासाच्या निदान ३ पट अंतर ठेवा.

बॅटरीची अर्थिंग काढा. पलीकडे ब्रेकचा पाइप, डिझेलची नळी किंवा वायर नाही ना हे हात घालून बघा. सेंटर पंच मारा, आधी ४-५ मिमीचा ड्रिल, मग पूर्ण माप. एम १० साठी ११ मिमी, एम १२ साठी १३.५ मिमी. १० मिमीच्या एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) ड्रिलला साध्या पोलादात मिनिटाला ६०० ते ८०० फेरे पुरतात. चेसिसचं पोलाद कडक असेल तर निम्मे करा आणि तेलाचे थेंब सोडत राहा. ड्रिल निळा पडला तर वेग जास्त आहे. दोन्ही बाजूंचे काठ कानशीनं मोडा, कारण तडा याच धारेतून निघतो. झिंक प्रायमर, मग रंग. बोल्ट ८.८ मार्काचा घ्या, एम १० ला ४५ ते ५० न्यूटन-मीटर. गॅस कटरनं भोक पाडू नका, जळालेला काठ ठिसूळ होतो आणि त्यातल्या खाचा तड्याला वाट देतात. चुकून जास्तीचं भोक पडलंच तर वेल्डिंगनं न भरता रबरी बुच लावा. वेल्डिंगच्या उष्णतेनं भोवतालचं पोलाद बिघडतं आणि भोकापेक्षा तो डागच आधी फाटतो.

गावात बनवलेल्या ट्रॉलीला भोकं नसतात, ती पाडा

ट्रॉलीची चौकट बहुतेक वेळा चौकोनी पाइपची आणि चारही टोकं वेल्डनं बंद. वेल्डच्या बारीक फटीतून पावसाचं पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नसते. वर युरिया, डीएपी, शेणखत यांची वाहतूक. पाइप आतून सडतो आणि पऱ्हाट्यांच्या किंवा कापसाच्या हलक्या खेपेतही एक दिवस मोडतो. प्रत्येक पाइपच्या खालच्या तोंडाला, दोन्ही टोकांजवळ, वेल्डपासून ३०-४० मिमी आत, ८ ते १० मिमीचं एकेक भोक पाडा. मधे पाइप झोळला असेल तर सगळ्यात खालच्या बिंदूला आणखी एक. भोक दांडीच्या जोडाजवळ आणि अॅक्सलच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ नको. काठ मोडा, प्रायमर लावा, आणि आत जुनं इंजिन ऑइल न ओतता गंजरोधक मेण फवारा. जुनं ऑइल भोकातून गळून वावरात आणि विहिरीच्या काठाला जातं.

बंद पाइपवर वेल्डिंग करायचं असेल तरी आधी हे भोक पाडून घ्या. आत अडकलेली हवा तापून फुगते आणि शेवटचा टाका ओला असतानाच फुंकून टाकते. म्हणूनच शेवटच्या टाक्यात बरेचदा सुईएवढं छिद्र राहतं. आत पाणी असेल तर वाफेचा दाब त्याहून वाईट. पाण्याच्या टँकरची चौकट जस्ताच्या टाकीत बुडवून घ्यायची असेल तर ही भोकं सक्तीचीच आहेत. ते जस्त ४५० अंशांच्या आसपास असतं, आणि बंद पाइपमधली ओल तिथे क्षणात वाफ होऊन पाइप फोडते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर ट्रॉली सपाट जागेवर उभी करून भोकांखाली कोरडा पुठ्ठा टाका. प्रत्येक भोकाखाली ओला डाग पडला पाहिजे. जिथे पडला नाही तिथे पाइप त्या बाजूला उंच आहे. ट्रॉलीची ती बाजू एक वीट घालून खाली-वर करून बघा, पाणी कुठे साचतं ते आवाजानं कळेल, आणि तिथे खडूची खूण करून पुढचं भोक पाडा.